डबा बंद होण्यापूर्वी

हापूस आंब्याचा हंगाम मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालत असला, तरी फळ भरपूर आणि परवडणाऱ्या दराने हाती येते ते एप्रिलअखेरपासून मृगाचा पाऊस लागेपर्यंतच, आणि एवढ्या थोड्या दिवसांत पिकून समोर आलेले सगळे फळ खाऊन संपवणे कोणत्याच घराला शक्य नसल्यामुळे रस टिकवण्याच्या निरनिराळ्या रीती कोकणात पूर्वापार रूढ झाल्या. रस ताटांत पसरून उन्हात वाळवला की आंबापोळी होते. साखर घालून मंद आचेवर गोळा होईपर्यंत परतला की आटवलेला रस होतो. या दोन्ही रीतींत रसातले पाणी कमी केले जाते किंवा साखरेने बांधून ठेवले जाते, म्हणजे बुरशी आणि जिवाणू यांना वाढीसाठी लागणारा ओलावा मिळत नाही. डबाबंदीकरणाचे तत्त्व निराळे आहे: तेथे पाणी जसेच्या तसे राहू दिले जाते, रस नासवणारे सूक्ष्मजीव उष्णतेने मारले जातात आणि नवे आत शिरू नयेत म्हणून भांडे हवाबंद केले जाते. आंबापोळी खाताना ती आंबापोळी आहे हे खाणाऱ्याच्या मनात पक्के असते. डब्यातल्या रसाकडून मात्र दिवाळीच्या पानातही वैशाखातल्या आमरसाचीच अपेक्षा केली जाते, आणि या व्यवसायातले बहुतेक समाधान व बहुतेक भांडणे याच अपेक्षेतून निर्माण होतात.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत हा व्यवसाय दोन पातळ्यांवर चालतो. एका बाजूला मोठे कारखाने आहेत, जे डागी, लहान किंवा मुंबईला पाठवण्याजोगे न राहिलेले फळ किलोच्या भावाने घेतात. या फळाला बागायतदार ‘कॅनिंगचा आंबा’ म्हणतात आणि मेच्या मध्यावर गावातल्या गप्पांचा मुख्य विषय त्याचा दर हाच असतो. दुसऱ्या बाजूला घराच्या मागील पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये चालणारी लहान केंद्रे आहेत, जेथे माणसे आपापले आंबे घेऊन येतात, मजुरी आणि रिकाम्या डब्याची किंमत देतात आणि आपल्याच आंब्यांचा रस डब्यांत भरून परत नेतात. प्रस्तुत लेखिकेने आयुष्याचा मोठा भाग अशाच एका केंद्रावर घालवला असून, पुढील विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे. कारखान्याला एकाच दिवशी अनेक बागांचे फळ एकत्र करून चव, गोडी आणि रंग सारखे करून घेता येतात. लहान केंद्राला ती सोय नसते, कारण तेथे प्रत्येक ग्राहकाचा घाणा, म्हणजे एका वेळी शिजवायचा रस, वेगळा ठेवावा लागतो आणि आमच्या दारच्या कलमाचा रस शेजारच्या रसात मिसळला तर नाही ना, ही शंका ग्राहकाच्या डोळ्यांत शेवटपर्यंत तरळत असते.

स्वयंपाकघरातल्या इतर कामांत शेवटी चव घेऊन चूक सुधारता येते. आमटी अळणी असेल तर मीठ पडते, शिरा कोरडा वाटला तर दुधाचा हबका मारता येतो. डब्याच्या बाबतीत मात्र झाकण बसल्यानंतर आत काय चालले आहे हे कोणालाच दिसत नाही, आणि तो उघडला जाईल तेव्हा करणारा माणूस जवळ नसतो. म्हणून या कामात जी काही काळजी घ्यायची ती झाकणापूर्वी घ्यावी लागते. फ्रान्समधील मिठाई बनवणारा कारागीर निकोला आपेर याने काचेच्या तोंडरुंद बाटल्यांत अन्न भरून, बूच घट्ट बसवून, त्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत बसवली. तेथील सरकारने त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस दिले आणि त्याचा ग्रंथ १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की अन्न का टिकते हे आपेरला ठाऊक नव्हते. सूक्ष्मजीवांमुळे पदार्थ नासतात हे पाश्चरने प्रयोगांनी दाखवून दिले ते त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने. कारण माहीत नसताना केवळ काटेकोरपणाच्या जोरावर काम बरोबर होऊ शकते, याचे आपेर हे उत्तम उदाहरण आहे, आणि कोकणातल्या केंद्रांवर काम करणाऱ्या अनेक स्त्रियांनाही हेच वर्णन लागू पडते.

काटेकोरपणाची सुरुवात चुलीपाशी होत नाही, ती आढीत होते. आढी म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या थरांत कच्चे पण तयार झालेले आंबे रचून ते सावकाश पिकवण्याची रीत. यात फळ आठ-दहा दिवसांत सगळीकडून सारखे पिकते, देठाजवळचा भाग कच्चा आणि टोकाकडचा मऊ असा प्रकार होत नाही. ज्यांना घाई असते ते कॅल्शियम कार्बाइडचा आधार घेत असत, ज्यावर कायद्याने बंदी आहे. अशा फळाची साल सुरेख पिवळी दिसते, पण गर फिका आणि आंबट राहतो, आणि रस काढताच तो ओळखू येतो. साल पाहून रस सांगता येत नाही, हे या कामातले पहिले शिक्षण. याचे आणखी कठोर उदाहरण म्हणजे साका. हापूसच्या फळात कोयीभोवतालचा गर कधी कधी पांढरट, स्पंजासारखा आणि बेचव राहतो. बाहेरून फळ निर्दोष दिसते, वासही येतो, आणि कापल्यावरच दोष उघडा पडतो. झाडावर फळ फार दिवस राहणे आणि काढल्यावर तापलेल्या जमिनीवर पडून राहणे यांनी साका वाढतो असा बागायतदारांचा अनुभव आहे, आणि फळ साधारण ८५ टक्के तयार झाल्यावर उतरवावे या तज्ज्ञांच्या शिफारशीमागेही हेच कारण आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेला ‘नूतन झेला’, म्हणजे देठासकट फळ कापून जाळीत झेलणारी काठी, वापरल्यास फळ जमिनीवर आपटत नाही आणि देठ राहिल्यामुळे चीक सालीवर ओघळत नाही.

यामुळे केंद्रावर पाळला जाणारा नियम असा की प्रत्येक आंबा कापूनच घ्यायचा. घरी आमरस करताना आंबा माचवून देठाकडून पिळण्याची जी पद्धत आहे ती येथे चालत नाही. दोन बायका पाटावर बसून आंब्याच्या दोन्ही बाजूंच्या फोडी उतरवतात, तिसरी चमच्याने गर काढते, आणि साका असलेली फोड बाजूच्या घमेल्यात जाते. पाऊस पडून गेल्यानंतर आलेल्या फळांत फळमाशीच्या अळ्या असतात. सालीवर टाचणीच्या टोकाएवढा डाग दिसतो, त्याखालचा गर पाणचट झालेला असतो. असे आंबे घेऊन येणाऱ्यांची संख्या मेच्या शेवटच्या आठवड्यात वाढते, कारण तोवर उरलेला माल कसाही करून कामी लावावा असे त्यांना वाटत असते. मुंबईहून सुट्टीला आलेल्या एका कुटुंबाने परतीच्या आदल्या दिवशी अवकाळी पावसात भिजलेले, अर्धे डागी झालेले क्रेट उतरवले आणि ‘शिजवल्यावर सगळं मरतं, तुम्ही भरा’ असा आग्रह धरला. शिजवल्यावर जिवाणू मरतात हे खरे, परंतु नासलेल्या गराची चव मरत नाही. उलट ती डब्यात जपून ठेवली जाते. ते क्रेट त्या दिवशी परत पाठवण्यात आले, त्या कुटुंबाने गावात बरीच नाराजी बोलून दाखवली, आणि तेव्हापासून केंद्राच्या दारावर एक पाटी लागली की डागी माल स्वीकारला जाणार नाही. पाटीमुळे त्या हंगामात काही गिऱ्हाइके कमी झाली, पण पुढील वर्षी डबे उघडल्यावर आलेल्या तक्रारी त्याहून अधिक प्रमाणात कमी झाल्या.

भांडणाचा दुसरा मोठा विषय म्हणजे किती आंब्यांचा किती रस. मध्यम आकाराचे हापूस डझनाला सुमारे तीन किलो भरतात. साल, कोय आणि टाकाऊ भाग वजा जाता वजनाच्या निम्म्याहून थोडा अधिक गर हाती लागतो, म्हणजे एका डझनात ८५० ग्रॅमचे जेमतेम दोन डबे होतात. हा हिशेब माणसांना पटत नाही, कारण घरी पातेल्यात काढलेला रस दूध आणि साखर पडल्यानंतर डोळ्यांना बराच दिसतो. एका निवृत्त शिक्षकांनी तर आपल्या आंब्यांच्या कोयी मोजून मागितल्या होत्या, आणि त्यांचे काही चुकले असे म्हणता येत नाही. ज्या माणसाने स्वतःच्या कलमांना वर्षभर खत-पाणी घातले त्याने हिशेब मागणे रास्तच आहे. त्यानंतर केंद्रावर आंबे आल्यावर एकदा, गर निघाल्यावर एकदा आणि साल-कोयींचे एकदा अशी तीन वजने ग्राहकासमोर करण्याची पद्धत सुरू झाली. काम थोडे लांबले, परंतु तराजू पाहिल्यावर वाद घालणारा माणूस क्वचितच भेटला. रायवळ आंबा, म्हणजे कोयीपासून आपोआप वाढलेल्या झाडाचे फळ, कोय मोठी आणि गर धाग्याचा असल्याने आणखी कमी रस देतो, आणि तो गाळावाही लागतो. तरीही रायवळाचा थोडा रस हापूसमध्ये मिसळल्यास चवीला जो आंबटपणाचा काठ येतो तो नुसत्या हापूसला येत नाही, असे लेखिकेचे मत आहे, आणि ते हापूसच्या अभिमान्यांना मुळीच रुचत नाही.

आंबटपणाचा प्रश्न चवीपुरता नाही. रसाची आम्लता ‘सामू’ या मापाने मोजतात. सामू जितका कमी तितका पदार्थ अधिक आंबट, शुद्ध पाणी ७ वर, लिंबाचा रस २ ते ३ च्या दरम्यान. अन्न टिकवण्याच्या शास्त्रात ४.६ हा आकडा सीमारेषा मानला जातो, कारण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू, जो हवा नसलेल्या ठिकाणी वाढतो आणि प्राणघातक विष तयार करतो, या सामूच्या खाली वाढू शकत नाही. त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली सुप्त रूपे, उकळत्या पाण्यात तासन्‌तास तग धरतात आणि मरण्यासाठी दाबाखालची सुमारे १२१ अंश सेल्सिअसची वाफ लागते. इतक्या उष्णतेत आंब्याचा रस तपकिरी होऊन त्याला शिजल्याचा वास येतो. म्हणून आंब्याच्या बाबतीत बीजाणू मारण्याऐवजी त्यांना उगवू न देण्याचा मार्ग पत्करला जातो, आणि त्यासाठी रस पुरेसा आंबट असणे आवश्यक ठरते. पिकलेल्या हापूसचा सामू साधारणपणे ४ च्या आसपास असतो, परंतु फळ जसे अधिक पिकते तसा तो वर सरकतो, आणि जे फळ खाणाऱ्याला सर्वांत गोड वाटते तेच डब्याच्या दृष्टीने सर्वांत संशयास्पद असते.

केंद्राच्या सुरुवातीच्या काळात हा निर्णय जिभेवर सोपवलेला होता. एक वयस्कर बाई बोटाने रस चाखून लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, किती घालायचे ते सांगत, आणि त्यांचा अंदाज बहुतेक वेळा अचूक येत असे. पण जीभ गोडी आणि आंबटपणा यांची सांगड एकत्रच घेते; रस फार गोड असेल तर आंबटपणा झाकला जातो, आणि सकाळपासून दहा घाणे चाखलेल्या जिभेला संध्याकाळी फारसे काही कळत नाही. सामू मोजण्याचे लहान यंत्र आल्यानंतर, ४.२ च्या वरचा कोणताही रस आहे तसा भरायचा नाही, किलोला साधारण ३ ते ५ ग्रॅम लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून मिसळायचे आणि पुन्हा मोजायचे, असा दंडक पडला. या व्यवसायातला सर्वांत महत्त्वाचा बदल कोणता असे विचारल्यास उत्तर हेच द्यावे लागेल, जरी ते यंत्र एका आंब्याच्या पेटीपेक्षा फार महाग नव्हते. त्या वयस्कर बाईंना सुरुवातीला हा अपमान वाटला. नंतर त्या स्वतः आधी चाखून आकडा सांगू लागल्या आणि मग यंत्र बघू लागल्या, आणि दोन्ही जुळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर उमटणारा भाव सगळ्या बायकांच्या करमणुकीचा विषय झाला.

‘आमच्या रसात काही घालू नका, शुद्ध हवा’ असे म्हणणारे ग्राहक मात्र अजूनही येतात आणि त्यांची समजूत काढणे सोपे नसते. बाजारातले लिंबूसत्त्व लिंबातून काढलेले नसून साखरेच्या द्रावणावर विशिष्ट बुरशी वाढवून तयार केलेले असते, हे प्रामाणिकपणे सांगितले की त्यांची शंका कमी होण्याऐवजी वाढते. आम्ल तेच आहे, लिंबातले असो वा कुपीतले, हे पटवण्यासाठी केंद्रावर बराच वेळ खर्च झाला आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांना रस गोठवून ठेवण्याचा सल्ला दिला जातो, कारण उणे १८ अंशांवर गोठवलेल्या रसात कोणताच जिवाणू वाढत नाही. पण लिंबूसत्त्वाशिवाय जास्त सामूचा रस डब्यात भरून दिला जात नाही. साखरेविषयीचा गैरसमज याच्या उलट आहे: साखरेमुळे डबा टिकतो असे अनेकांना वाटते, पण जेवढी साखर रसात घातली जाते तेवढ्याने टिकाऊपणात फरक पडत नाही. साखर चवीसाठी आणि रंग उजळ राहावा म्हणून; मधुमेह असलेल्या घरांसाठी ती न घालता भरलेले डबेही तितकेच टिकतात.

शिजवणे हे पाहणाऱ्याला सर्वांत मोठे काम वाटते, प्रत्यक्षात ते सर्वांत आखीव असते. स्टीलच्या रुंद पातेल्यात रस ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवायचा, सतत ढवळत राहायचे, कारण घट्ट रसाचे बूड चटकन लागते आणि एकदा लागले की तो वास पूर्ण घाण्यात जातो. दाट रस उकळीच्या जवळ आला की त्यातून गरम थेंब कोपरापर्यंत उडतात आणि कातडीला चिकटून राहतात; म्हणून ढवळणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवतात, आणि मे महिन्याच्या उकाड्यात, चुलीच्या शेजारी, असा शर्ट घालून तासभर उभे राहणे म्हणजे काय हे रसाची वाटी पुढ्यात घेणाऱ्याच्या लक्षात येत नाही. रस गरम असतानाच डब्यात भरायचा, काठापासून अर्धा-पाऊण सेंटिमीटर जागा सोडायची आणि लगेच झाकण बसवायचे. आतली वाफ थंड होऊन पाणी झाली की डब्यात निर्वात पोकळी तयार होते आणि झाकण किंचित आत ओढले जाते. पातळ सरबतात उष्णता प्रवाहाने फिरते, दाट रसात ती कणाकणाने आत सरकते, आणि डब्याच्या मध्यभागी ती सर्वांत शेवटी पोहोचते. म्हणून थंड रस भरून नुसता डबा उकळवणे पुरेसे होत नाही.

झाकण बसवण्याच्या यंत्राला केंद्रावर सगळे नुसते ‘मशीन’ म्हणतात. डबा म्हणजे पोलादाच्या पातळ पत्र्यावर कथलाचा मुलामा आणि, आंब्यासारख्या आंबट पदार्थासाठी, आतून लाखेसारखा थर. झाकणाच्या कडेच्या पन्हाळीत रबरासारखे लुकण असते. मशीनचा पहिला रोलर झाकणाची कड डब्याच्या ओठाखाली वळवतो आणि दुसरा ती वळकटी घट्ट दाबून सपाट करतो. दोन्ही कडा एकमेकींत अडकून पाच थरांची शिवण तयार होते. सकाळी पहिला डबा बंद झाला की तो वापरात न घेता शिवणीजवळ करवतीने कापायचा आणि दोन्ही आकडे एकमेकांत किती अडकले आहेत ते पाहायचे, हा नेम केंद्राने कधी मोडला नाही. एक डबा वाया जातो म्हणून नवीन आलेल्या मुली हळहळतात. रोलर केसभर ढिला झाला तरी डोळ्यांना काही दिसत नाही; अंगठ्याचे नख शिवणीवरून फिरवले की धार लागते किंवा सुरकुती जाणवते, आणि अनुभवी हाताला एवढे पुरते.

बंद डबे उकळत्या पाण्यात साधारण अर्धा तास ठेवून मग लगेच थंड पाण्यात सोडावे लागतात. या शेवटच्या टप्प्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. गरम डबे एकमेकांवर रचून ठेवले तर ते रात्रभर आतून शिजत राहतात आणि मधल्या डब्यांतला रस तांबूस होतो. अगदी गार होईपर्यंत पाण्यात ठेवले तर बाहेरचे पाणी सुकत नाही आणि गंज धरतो. हाताला कोमट लागेल, म्हणजे ४० अंशांच्या आसपास, तेव्हा डबे बाहेर काढले की उरलेल्या ऊबेनेच ते कोरडे होतात. याहून गंभीर बाब म्हणजे थंड होताना आत पोकळी निर्माण होत असते आणि लुकण अजून मऊ असते, त्यामुळे शिवणीतून पाण्याचा एखादा सूक्ष्म थेंब आत खेचला जाऊ शकतो. १९६४ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरात विषमज्वराची मोठी साथ आली. ४०० हून अधिक माणसे आजारी पडली आणि तिचे मूळ अर्जेंटिनात निर्जंतुक न केलेल्या नदीच्या पाण्यात थंड केलेल्या मांसाच्या डब्यांपर्यंत पोहोचले. विहिरीचे पाणी स्वच्छ दिसते म्हणून त्यात क्लोरिन का घालायचे, असे विचारणाऱ्या प्रत्येक नवीन कामगाराला ही हकिकत सांगितली जाते.

तयार डबे दोन आठवडे केंद्रावरच ठेवले जातात आणि ग्राहकांना हे फारसे आवडत नाही. या काळात रोज सकाळी एक बाई लाकडी दांडक्याने प्रत्येक डब्याच्या झाकणावर हलका ठोका मारते. पोकळी नीट असेल तर आवाज खणखणीत येतो, हवा शिरली असेल तर बद्द येतो. फुगलेला डबा कारण न शोधता बाजूला काढावा लागतो, कारण फुगण्याचे कारण जिवाणूंचा वायू असू शकतो किंवा आम्लाने पत्र्यावर काम केल्याने तयार झालेला हायड्रोजनही असू शकतो, आणि बाहेरून या दोहोंतला फरक सांगता येत नाही. एका ग्राहकाने असा डबा ‘थोडासाच फुगलाय’ म्हणून घेऊन जाण्याचा हट्ट धरला होता. तो त्याच्या देखत फोडून रस खड्ड्यात ओतण्यात आला आणि बदल्यात दुसरा देण्यात आला. नुकसान केंद्राचे झाले. फुकट मिळालेला डबा घेऊनही तो ग्राहक समाधानी नव्हता, कारण मातीत ओतलेला रस त्याच्याच झाडाचा होता.

मजुरीच्या दृष्टीने पाहता हा व्यवसाय फार किफायतशीर नाही. वर्षाचे सहा-सात आठवडे काम, उरलेले महिने मशीनला तेल पाजून पोत्यात गुंडाळून ठेवायचे. मेच्या अखेरीस वळवाच्या सरी आल्या की वीज जाते, आणि घाणा तापलेला असताना वीज गेली तर हाताने चालणारे मशीन हाच आधार उरतो, म्हणून ते कधीही विकू नये. पूर्वी अशा केंद्रांना १९५५ च्या फळ-उत्पादन आदेशाखाली परवाना लागत असे. आता अन्नसुरक्षा कायदा, २००६, लागू आहे आणि लहान केंद्रांनाही नोंदणी करावी लागते. नोंदणीच्या कागदपत्रांचा त्रास होतो ही तक्रार खरी आहे, पण लेबलवर तारीख आणि घाण्याचा क्रमांक लिहिण्याची सवय त्यामुळेच लागली, आणि तक्रार आल्यावर कोणत्या दिवशीचा, कोणत्या बागेचा डबा हे शोधून काढणे त्यामुळेच शक्य झाले.

डब्यांचा प्रवास मात्र विस्मयकारक असतो. मुंबई, पुणे हे नेहमीचेच; पण अमेरिकेत ताजा भारतीय आंबा अधिकृतपणे जाऊ लागला तो २००७ पासून, लासलगावच्या केंद्रात विकिरण करून, आणि त्याआधीच्या बऱ्याच वर्षांत तेथील मराठी घरांत आमरस म्हणजे डब्यातलाच रस होता. विमानाच्या सामानात कपड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळलेले डबे नेणारी आई-वडिलांची एक पिढी या केंद्राने पाहिली. ताजे फळ मिळू लागल्यावर ही मागणी आटेल असा अंदाज होता, पण तो चुकीचा ठरला. परदेशातल्या दुकानातील आंबा कोणत्या बागेचा आहे हे कळत नाही, आणि केंद्रावरून नेलेल्या डब्यावर मात्र तेलरंगाच्या पेनाने लिहिलेले गावाचे नाव असते. रंग, गोडी आणि घट्टपणा या तिन्ही बाबतीत कारखान्याचा डबा अनेकदा सरस असतो, हे मान्य करूनच हे लिहिले आहे.

घरच्या घरी हा प्रयोग करू पाहणाऱ्यांनी पत्र्याच्या डब्यांच्या मागे न लागता काचेच्या बाटल्यांपासून सुरुवात करावी. बाटल्या आणि बुचे आधी उकळून घ्यावीत, गरम रस गरम बाटलीतच भरावा, मोठ्या पातेल्याच्या तळाशी जाड फडके घालून त्यावर बाटल्या ठेवाव्यात आणि बंद बाटल्या उकळत्या पाण्यात अर्धा तास राहू द्याव्यात. पुण्यासारख्या उंचावरच्या ठिकाणी पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून तेथे पाच-दहा मिनिटे अधिक द्यावीत. गरम बाटली काढून लगेच कडप्प्याच्या ओट्यावर ठेवू नये, ती तडकते. उघडलेला डबा असेल तर उरलेला रस पत्र्यात न ठेवता काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावा, कारण हवा लागल्यावर कथील रसात वेगाने विरघळू लागते. आणि सामू मोजल्याशिवाय बाटली बंद करू नये. त्यासाठीच्या कागदी पट्ट्या प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळतात, एक पुडी घेतली की पूर्ण हंगाम पुरते.